रकाना त्र्याहत्तर

पिंपळगावात ढोमश्यांच्या शेडमध्ये
बेदाण्यांच्या ट्रेवर आम्ही नऊ रिळं मांडली.
चौपन्न अंश, आठ तास.
"वर जाऊ देऊ नका," गायधनी म्हणाले,
"द्राक्ष सुरकुतलं तर बेदाणा होतो,
टेप सुरकुतली तर काहीच होत नाही."

जुनी टेप हवेतला ओलावा पिऊन चिकटते,
भाजली की महिनाभर शहाण्यासारखी वागते.
तेवढ्यात वाचून घ्यायची.

ड्राइव्ह सातपूरच्या भंगारातून, किलोच्या भावानं.
व्हॅक्यूमची नळी कुजलेली, तिच्या जागी
म्हशींच्या दूध-मशीनची नळी बसली फिट्ट.
गायधनींनी स्पिरिटच्या फडक्यानं हेड पुसलं,
रीळ उलटं करून पाठ पाहिली:
रिंग काढलेली आहे ना?
रिंग नाही तर लिहिणं नाही.
"वाचणाऱ्याच्या हाती खोडरबर कशाला, बाई?"

चकचकीत पट्टी सापडली. टेप खाली ओढली गेली.
लेबल. टेप-मार्क. मग ऐंशी-ऐंशी रकान्यांच्या ओळी,
माझ्या लॅपटॉपला साफ परक्या.
इथं एक म्हणजे एफ-एक, दोन म्हणजे एफ-दोन;
संख्या ऋण असेल तर शेवटचा आकडा
अक्षराचा वेश घेऊन येतो.

सहाव्या ब्लॉकला पॅरिटी चुकली.
मागे, पुढे. मागे, पुढे.
चौथ्यांदा आला.

गोदावरीची पातळी, तासातासाची.
एका ऑगस्टच्या रात्री अकरानंतर
चार नऊ. चार नऊ. चार नऊ.
माझ्या प्रोग्रामात ओळ होतीच:
चार नऊ म्हणजे नोंद नाही, सोडून द्या.

"त्र्याहत्तरपासून पुढचं छाप," गायधनी म्हणाले.
ते आठ रकाने कार्डांच्या नंबराचे,
मशीन तिकडं बघतसुद्धा नाही.
छापले.

बारा वाजता: कंबर.
एक वाजता: छाती.
दोन: खांदा.

"कुसुम निकुंभ," ते म्हणाले, जरा वेळानं.
"दिंडोरी रोडच्या कचेरीत कार्डं पंच करायची.
मोजपट्टी बुडाली की गेजवाला फोनवर
दुतोंड्या मारुतीच सांगायचा.
सरकारी रकान्यात चार नऊ,
आणि बाहेर, कुणी न वाचायच्या जागी, हे."

तीन: गळा.
चार वाजता आठ रिकाम्या जागा.
"इथं तिनं काहीच लिहिलं नाही," मी म्हटलं.
त्यांनी कच्च्या छापावर बोट ठेवलं:
चाळीस चाळीस चाळीस चाळीस
चाळीस चाळीस चाळीस चाळीस.
"या भाषेत रिकामी जागासुद्धा लिहावी लागते.
डोक्यावरून पाणी गेल्यावर, बाई,
तू काय लिहिलं असतंस?"

मी ती सोडून-द्या ओळ खोडली.
पाच वाजता पुन्हा गळा होता.

रीळ उतरवताना कडेला
एक बेदाण्याचं देठ चिकटलेलं निघालं.
गायधनींनी ते नखानं काढलं
आणि खिशात ठेवलं, का कोण जाणे.