कोपरापर्यंत

वीटभट्टीनं माती नेली, खड्डा ठेवला.
कंग्राळीच्या वरच्या अंगाला, मार्कंडेयपासून दोन शेतं आत,
बारा गुंठे.
पहाणीवर कन्नडात ‘होंड’ लिहिलंय,
आम्ही खण म्हणतो,
मासे काहीच म्हणत नाहीत.

बोटुकली आली हिडकलहून,
हवा भरलेल्या पिशव्यांत, टेंपोभर.
कटला, रोहू, थोडी मृगळ.
मागोमाग स्कूटीवरून खात्याच्या गिरिजा मॅडम.
चप्पल काढून बांधावर बसल्या, म्हणाल्या,
“हात घाल. कोपरापर्यंत.
तिथवर तळवा दिसतच राहिला, तर पाणी उपाशी.
मनगटालाच गेला, तर अजीर्ण.
कोपराशी जावा. तेवढंच बघ.”

तेवढंच बघते मी,
रोज ऊन वर आल्यावर,
बांगड्या वर सारून.

मग कलमेश्वराच्या जत्रेचा भात उरला.
दोन काहिली.
मामंजींनी तो फुकट जाऊ दिला नाही.
ओमाण्णा हे नाव, चाळीस वर्षं विटा थापलेली,
कुणाच्या ताटात शीत उरलं तरी बोलून दाखवणार.
“मुक्या जिवांच्या तोंडात पडू दे, पुण्य लागतंय.”
फावड्यानं भात, फावड्यानं आमटी.
पाणी उकळल्यासारखं झालं माशांनी.
“बघ की गं, कसं खाऊलालेत!”
त्यांना इतकं हसताना मी लग्नातही पाहिलं नव्हतं.
म्हणून गप्प राहिले.
ती चूक माझी.

तीन दिवस आभाळ.
ऊन नाही, वारा नाही,
पाण्यावर हिरवी साय.
तिसऱ्या दिवशी तळवा मनगटालाच गेला
आणि हाताला असा वास
की साबण दोनदा लावूनही भाकरीला लागला.

रात्री थ्री फेज नव्हती. चारनंतर येणार होती.
साडेतीनला जाग आली ती आवाजानं.
पच्, पच्,
जणू अंधारात कुणी म्हातारं दात नसलेल्या तोंडानं काही चघळतंय.
बॅटरी मारली.
सगळा खण तोंडांचा झाला होता.
गोल, उघडी, आभाळाकडे.
भूक नव्हती ती.

रसिकानं मेहबूब नदाफला उठवलं.
त्याचं डिझेल इंजिन, आमचा पाईप,
भट्टीचा जुना पत्रा तिरका धरला,
पाणी त्यावर आपटून फुटू दे, फुटताना हवा घेऊ दे.
उरलेल्या आम्ही घागरींनी,
कमरेएवढ्या पाण्यात,
खणाचंच पाणी उचलून खणातच ओतत होतो.
कुणी पाहिलं असतं तर वेडं म्हटलं असतं.

उजाडल्यावर मोजले. एकसष्ट.
मोठे कटले आधी गेले,
मोठ्यांना श्वास जास्त लागतो.
मामंजींनी एकेक उचलून त्याच काहिलीत ठेवला,
माडाच्या बुडाशी खड्डा घेतला,
कुणाला हात लावू दिला नाही.

“चुना टाकू?” मी फोनवर विचारलं.
“आत्ता नको, विष वाढेल,” गिरिजा मॅडम म्हणाल्या.
“तळाचं पाणी काढा, विहिरीचं घाला.
आणि आठ दिवस मूठभर कोंडासुद्धा नाही.
उपाशी मासा एवढ्यात मरत नाही,
उष्ट्यात मरतो.”
हे मी मामंजींना सांगितलं नाही.
फोन स्पीकरवर होता.

आठ दिवस ते बांधावर येत राहिले.
सावली पडली की मासे काठाला जमायचे,
आणि ते दोन्ही हात पाठीमागे धरून उभे,
चोरी करताना सापडल्यासारखे.
एकदा खिसा उलटा करून दाखवला त्यांनी माशांना.

नवव्या दिवशी मी बांगड्या वर सारल्या,
तर म्हणाले, “थांब.”
सदऱ्याची बाही गुंडाळली,
गुडघे टेकले.
रेषारेषांत भट्टीची माती बसलेला तो तळवा
हळूहळू खाली गेला,
त्याच मातीच्या खड्ड्यात.
पिवळट झाला, हिरवट,
बोटं पुसली,
मग कोपराला पाणी लागलं तेव्हा

“गेला,” म्हणाले.
हात लगेच वर काढला नाही.
मी पेंडीची पाटी पुढे सरकवली.
त्यांनी आधी अर्धी रिकामी करायला लावली.