जुजबंदी

कादंबरी तिसऱ्यांदा बांधायला आली तेव्हा
तिचा शेवटचा फर्मा गळालेला होता.
पान तीनशे चारवर नायिका दार वाजवते
आणि पुढं नुसती सुकलेली खळ,
झुरळांनी कुरतडलेली.

वाचनालयाचे गठ्ठे घेऊन तो यायचा,
लूनावरनं, दर सोमवारी.
नाव शीतल.
मी म्हटलं, हे पोरीचं नाव की.
म्हणाला, आमच्यात तीर्थंकराचं असतंय,
रुकडीपासून सांगलीपर्यंत हाक मारून बघा,
निम्मे शीतल मिशीवाले निघतील.

मग त्यानं माझं विचारलं.
दीपमाला, म्हटलं, आणि तिथंच थांबले.
आडनावाच्या आधी थांबायची सवय शाळेपासूनची;
अंधाऱ्या जिन्यात पाय जसा
पुढं पायरी आहे का चाचपतो, तसं.
त्यानं पुढचं विचारलं नाही.
तो माझ्या हातातली आरी बघत होता.

आरी बाबांची.
सुभाषनगरात चाळीस वर्षं त्यांनी हिनं तळ टोचले,
आई चामड्याच्या वेण्या घालायची, करंगळीहून बारीक,
आणि पापाच्या तिकटीला जोड टांगले जायचे
दुसऱ्याच्या पाटीखाली.
मी तीच आरी पुस्तकांच्या पाठीत घातली.
भोक तेच पडतं.
दोरा तेवढा पांढरा.

शेवट काय आहे हिचा, मी विचारलं.
त्याला माहीत नव्हतं.
कार्डावर अठ्ठावन्न तारखा होत्या
आणि एकाचीही तक्रार नव्हती.
मग दर सोमवारी तो एक शेवट आणायला लागला.
एकदा दार उघडलं तर आत लग्न चाललेलं, दुसरीचंच.
एकदा दार उघडायला तिचा बाप.
एकदा दार उघडायच्या आत ती निघून गेली
आणि रंकाळ्यावर एकटीनं भेळ खाल्ली, तिखट जादा.
मला हा आवडला.
तो म्हणाला, मलापण.
त्यानंतर सात महिने आम्ही ती कादंबरी बांधत होतो.
मालक म्हणायचा, एवढी काय जाड हाय ती?

निबंधकाच्या फळ्यावर नोटीस लागली, तीस दिवस.
पूर्ण नाव, वय, धंदा, पूर्ण पत्ता.
कुणाची हरकत असल्यास.
माझं आडनाव मी पहिल्यांदाच न थांबता वाचलं,
काचेमागं, टाचणीनं टोचलेलं.
एक म्हातारा बराच वेळ वाचून शिपायाला म्हणाला,
दोन्ही पोरीच दिसत्यात, चालतंय व्हय आता?
आम्ही जिन्यात बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.
हसू ओसरल्यावर ध्यानात आलं,
त्याच्या घरून कुणीच आलेलं नाही,
हरकत घ्यायलासुद्धा.

त्याच्या आईचा नेम आहे.
चामडं उंबऱ्याच्या आत येत नाही;
पट्टा नाही, पाकीट नाही,
भजनातली ढोलकी अंगणातच थांबते.
मी आत गेले.
त्या काही बोलल्या नाहीत. पाणी दिलं.
पेला नेहमीचा होता की वेगळा काढलेला,
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाबांनी त्यांच्यासाठी जोड आणला.
मी म्हटलं, बाबा, त्या घालत नाहीत.
ठाऊक हाय, म्हणाले.
माप?
बस्तीच्या पायरीवर ओलं पाऊल उमटलं होतं,
नजरेनं घेतलं.

तो जोड उंबऱ्याबाहेर आहे, दोन वर्षं झाली.
कर्र वाजतो की नाही, कुणालाच माहीत नाही.
गल्लीत कुत्री फार.
रात्री दार लावायच्या आधी त्या बाहेर येतात,
काठीच्या टोकानं जोड उचलतात, अंगठ्यात घालून,
आणि वरच्या खिळ्याला अडकवतात.
एकदाही बोट लागू न देता.
सकाळी पुन्हा खाली, तसाच.
मी खिडकीतनं बघते. शीतल म्हणतो, बघू नको.

परवा रात्री मुसळधार लागला.
मी दिवा न लावता उठले.
काठी कोपऱ्यात होती, कोरडी.
जोड खिळ्यावर.