एकास पाचशे

उलानबातरच्या वरच्या टेकडीवर, शाळेच्या जेवणघरात
बुधवारी संध्याकाळी वर्ग भरतो.
फळा नाही. सुपाच्या पातेल्याच्या झाकणावर
मी खडूनं लिहितो: भूखंड.
पुसतो, लिहितो: सामासिक अंतर.
सोळा जण. बुटांवर राख, टोप्या डोक्यावरच.
पुढच्या महिन्यात नगरपालिकेत सुनावणी आहे,
आणि नकाशाला उत्तर द्यायचं तर
नकाशाची बोली यावी लागते,
एवढंच मी त्यांना सांगितलंय.

"सामासिक म्हणजे?" त्सेव्हेलमा विचारते.
चुली जोडते ती; डाव्या बाहीला ठिणग्यांची भोकं.
कुंपणापासून भिंतीपर्यंत सोडायची जागा.
"कशाला?"
उजेडाला. वाऱ्याला. आग लागली तर बंब फिरावा म्हणून.
"बंब टेकडीखालीच थांबतो.
वर आम्हीच येतो, बादल्या घेऊन."
मी वहीत टिपून घेतो.
कुठल्या शब्दाखाली, ते ठरत नाही.

चटई क्षेत्र सांगताना माझीच जीभ अडखळते.
जमिनीच्या मानानं किती मजले, किती बांधकाम...
गोंबोजाव मध्येच म्हणतो, "गेरला मजला एकच.
तोही वसंतात गुंडाळून उंटावर टाकायचो.
आता उंट नाही. गुंडाळायची सवय तेवढी आहे."

दर्शनी भाग कोणालाच पटत नाही.
गोल घराचा पुढचा गाल कुठला?
दार दक्षिणेला, झालं.

उंबरठा मात्र शिकवावा लागला नाही.
झाकणावर नुसती आडवी रेघ ओढून
मी ते दाराशी जमिनीवर ठेवलं होतं,
तर निघताना सगळ्यात धाकटं पोरगंसुद्धा
पाय न लावता पलीकडे गेलं.

तिसऱ्या बुधवारी खरा नकाशा पसरतो.
प्रमाण: एकास पाचशे.
"प्रमाण म्हणजे पुरावा ना?" मागून कोणीतरी.
नाही, माप. एक सेंटीमीटर म्हणजे पाच मीटर.
त्सेव्हेलमा करंगळीचं नख टेकवते.
"म्हणजे मी एवढ्यात राहते.
नवरा घोरतो, तोही एवढ्यात."
मग ती कागद उलटा फिरवते.
उत्तरेचा बाण तिच्या पोटाशी येतो.
सरळ करायला मी हात पुढे करतो.
"राहू दे. दारातून बाहेर असंच दिसतं."

आणि उलट्या कागदावरच तिला ते सापडतं.
समोच्च रेषा (हा शब्द आम्ही
बटाट्याचे आडवे काप करून शिकलो होतो)
कुंपणांमागे एकमेकींपासून दूर दूर जातात.
म्हणजे जमीन सपाट.
म्हणजे हिरव्या शाईत: मोकळी जागा.
"इथं ओहोळ आहे," ती म्हणते.
"वर्षभर कोरडा. जुलैत एकदाच येतो.
ल्हाग्वाची मोटार नेली त्यानं, कुंपणासकट.
कुठं गेला तो?"

जेवणघरात भांडी घासायचा आवाज थांबतो.
त्या रेषा मी काढल्या होत्या.
अकरा वर्षांपूर्वी, जानेवारीत,
कचेरीच्या हीटरला पाठ लावून.
वर आलो होतो एकदाच. सगळीकडे बर्फ, सगळं सारखं.
हे मी त्यांना सांगतो. कागदाकडे बघत सांगतो.
कोणी काही बोलत नाही.
त्सेव्हेलमा खिशातून लोखंडावर खुणा करायचा
पांढरा दगडी खडू काढून माझ्यापुढे ठेवते,
आणि टोपीचे कान खाली ओढते.

उणे सव्वीस. पेनातली शाई गोठते, पेन्सिल चालते.
पाण्याच्या टपरीकडून एक पोरगा
गाड्यावर कॅन ओढत चढतोय,
आणि त्याच्यापुढे, बर्फावर,
चुलींच्या राखेची करडी पट्टी आहे.
घसरू नये म्हणून घराघरानं ओतलेली.
वळणावर रुंद, ओहोळापाशी जराशी थबकून
सोपं जाईल तिथूनच ओलांडणारी.
नकाशात ती नाही.
प्रमाण: एकास एक.

"फीत धर," त्सेव्हेलमा म्हणते,
"आणि त्या टोकाला उभा राहा.
तिथं नाही. अजून खाली.
पाणी येतं तिथं."