भाषा निवडा

वडगावच्या गल्लीतले माग थांबले
की आमच्याकडं डिस्क लागायची.
सातेरी हुंदऱ्याच्या दुकानातली,
भाडं दहा रुपये, उशीर झाला तर दिवसाला दोन दंड.

एकदा कव्हर मराठी, आत डिस्क कानडी.
दुकान तर बंद झालेलं.
"लाव की, बघूया तर," बाबा म्हणाले
आणि शेजारच्या नीलव्वाला हाक मारली.
ती उंबऱ्यात बसली, कांड्या भरत, सांगत:
तो म्हणालाय बघ, जमीन इकत नाही म्हणून.
ती रडालीया, पण खोटं.

मध्येच डिस्क अडकायची.
नायकाचं तोंड चौकोन-चौकोन होऊन थिजायचं.
बाबा ती काढून बनियनला पुसेपर्यंत
नीलव्वा पुढं निघून गेलेली असायची.

परवा तोच सिनेमा मोबाईलवर सापडला.
लख्ख. एक ओरखडा नाही.
सुरू होण्याआधी त्यानं विचारलं, भाषा निवडा.
या गावात हे कुणी
इतक्या हळू आवाजात विचारलं नव्हतं.

मी मराठी दाबलं.
ओठ कानडी हलत राहिले.
जमिनीचा विषयच नव्हता त्यात कुठं.
आणि बाई खरंच रडत होती.

नीलव्वाला जाऊन सहा वर्षं झाली.
हुंदऱ्याच्या गाळ्यात आता रिचार्ज मारतात.
डिस्क परत करायची राहिलीच,
दंडाचा हिशेब मी करत नाही.
लावायला यंत्रही नाही घरात.
ती कपाटात, साड्यांच्या घडीखाली आहे,
आणि तिच्यात तो
अजून जमीन इकत नाही.