चौदा बादल्या

त्या दुपारी आईने कूलरची टाकी
काठोकाठ भरली.
एरवी आठ बादल्या, त्या दिवशी चौदा.
मी मोजल्या. मोजायची सवयच होती मला,
जिन्यावरची पावलं,
सकाळी आईच्या हातात उरलेल्या बांगड्या.

रविवारचं मटण खाऊन बाबा झोपले होते.
कूलरची घरघर अशी, की तिच्याखाली काहीही दडायचं.
आमच्या घराने बरंच दडवलं होतं.
आज फक्त कडीचा आवाज.

नवतपा लागलेला.
मानेवाड्याच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.
खोब्रागडे काकू फाटकाशी उभ्या होत्या.
बोलल्या नाहीत, माझ्या खिशात कांदा घातला,
ऊन लागू नये म्हणून.
कांद्याखाली घडी केलेल्या दोन नोटा होत्या,
त्या मला बसमध्ये सापडल्या.

आईने तोंडाला ओढणी गुंडाळली, वर काळा चष्मा.
ऑटो सिग्नलला थांबला, तर
अख्खं नागपूर तसंच.
स्कुटीवरच्या पोरी, शाळेतल्या मॅडम, संत्र्याचा रस विकणारी,
सगळ्यांची तोंडं बांधलेली.
मला वाटलं,
ह्या सगळ्याच निघाल्या की काय?

गणेशपेठेत पवनीची गाडी लागली होती.
"पोराचं वय किती वो बाई?"
आईला आठवेना.
खरंच आठवेना. ती कंडक्टरकडे नुसती बघत राहिली.
"नऊ," मी म्हणालो.
त्याने अर्धं तिकीट फाडलं
आणि खिडकीजवळची जागा दाखवली.

दिघोरी गेलं. उमरेड गेलं.
आईने घड्याळ पाहिलं.
"आता पाणी संपलं असंल."
एवढंच. पुढे भिवापूरपर्यंत शब्द नाही.
मला मात्र दिसत होतं,
वाळ्याची ताटी सुकतेय,
पंखा गरम हवा फेकून राहिलाय,
एक हाक स्वयंपाकघरात जातेय
आणि भांड्यांवर आपटून तशीच पडतेय.

मावशीकडे कूलर नव्हता.
अंगणात खाटा टाकल्या.
इतकं शांत, की मला झोप येईना,
शांततेनंतर काय येतं ते ठाऊक होतं.

मध्यरात्री बादली वाजली.
मी ताडकन उठून बसलो.
आई विहिरीवर होती. लुगड्यासकट.
पाणी ओढायची
आणि स्वतःच्या डोक्यावर ओतायची.
एक.
दोन.
तिसरीनंतर मी
मोजलं नाही.