नावाच्या शेवटचं टिंब

बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला, रात्रीचे पावणेअकरा.
पिठावाला अँड धुरू, क्लिअरिंग एजंट्स.
धुरूसाहेबांना ईमेल चालतं, गोदीतल्या बाबूंना नाही.
त्यांना कागद लागतो, कागदावर तारीख,
माथ्यावर पाठवणाऱ्याचा नंबर, शाई थोडी फिकट.
म्हणून नावांच्या वहीत मी एक ओळ वाढवतो:
फॅक्स नावाचं नवं घर, त्याची डाक या यंत्राकडे,
अग्रक्रम दहा.
ॲटच्या अलीकडे टेलिफोनचे आकडे लिहा, पत्र सोडा,
पलीकडे कुणाच्या तरी टेबलावर कागद सरकत येईल.
इतकं सोपं. कागदावर.

पहिलं पत्र परत आलं. दुसरंही.
एक वाजता दिसलं, नावाच्या शेवटी टिंब राहिलंय.
टिंब नसलं की नाव थांबत नाही,
स्वतःचंच आडनाव पुन्हा लावून घेतं,
धुरू धुरू,
आणि त्या नावाचा माणूस साऱ्या जगात कुठे सापडत नाही.
टिंब दिलं. अनुक्रमांक एकाने वाढवला,
नाहीतर दुय्यम सर्व्हरला कळतच नाही काही बदललंय म्हणून.
मग थांबलो. जुनी समजूत बाहेर
शहाऐंशी हजार चारशे सेकंद टिकते;
आमच्या घरात त्याहून जास्त,
पण ते असो.

तिसऱ्या रात्री पत्रं यंत्रापर्यंत पोचू लागली,
यंत्र नंबर फिरवू लागलं,
आणि नोंदीत तीच ओळ, दर पंधरा मिनिटांनी:
पलीकडून उचललं, सूर जुळला नाही.
मी मोडेमचा आवाज मोठा केला.

"हॅलो? अहो, कोण आहे?"
झोपेतून ओढून काढलेला बाईंचा आवाज,
आणि त्यावर आमची शिट्टी,
आपली ओळख सांगणारी, आडमुठी.

रिसीव्हर उचलला. माफी मागितली.
कुसुम विजयकर, खार.
गोदीच्या यादीतला नंबर सहा वर्षांपासून त्यांच्या घरी.
"हे म्हणाले, काढून ठेव फोन.
पण मला वाटलं, कुणीतरी बोलायचा प्रयत्न करतंय."

मी रांग पुसायला घेतली.
एकेचाळीस पत्रं, सगळी एकसारखी.
"एवढं काय सांगायचं होतं?" त्यांनी विचारलं.
मी पडद्यावरचं वाचून दाखवलं:
चाचणी. मिळाल्यास कळवावे.

"मिळालं," त्या म्हणाल्या,
आणि फोन ठेवला.