पाच माणसं आणि एक टन

फ्रिजवरचा आंब्याचा चुंबक मी पर्समध्ये टाकला
तेव्हा जनार्दन म्हणाला, हे काय आता?
असू दे म्हटलं, तुला इंजिन कळतं, मला पुटी कळते.

कळंबोलीला स्टील मार्केटच्या मागे ती उभी होती.
डबल केबिन, मागे उघडा हौदा,
रंग पांढरा म्हणायचा, पण दुधात
चहाचे दोन थेंब पडले की होतो तसा.
एक लाख अठरा हजार किलोमीटर.
आरशाच्या मागे कुणीतरी काढून चिकटवलेली टिकली.

आम्हाला सोमवार ते शनिवार
अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या न्यायच्या होत्या,
काचा, सिलिकॉनची खोकी, रबाळ्याहून उलव्यापर्यंत,
आणि रविवारी तिला गाडी म्हणायचं होतं.
माझ्या बहिणीच्या सोसायटीत, सीवूड्सला,
टेम्पो सामानाच्या गेटने जातो.
बारशाला आम्ही त्याच गेटने गेलो,
नऊ वर्षांची शर्वरी, परकर दोन्ही हातांनी उचलून,
टाइल्सच्या खोक्यांमधून वाट काढत.
ती काही बोलली नाही. म्हणून लक्षात राहिलं.

मामंजींनी बॉनेट उघडायला लावलं.
बत्तीस वर्षं तुर्भ्याच्या खाणीत डंपर चालवला,
उजवा कान तिथेच ठेवून आले.
पेचकसाचं टोक इंजिनावर, मूठ डाव्या कानाला,
डोळे मिटून बराच वेळ उभे.
"खोकते," म्हणाले, "पन त्यो धुलीचा खोकला हाय. छाती बरी हाय."

विकणारे घोलप पाण्याचे जार पोचवायचे, बेलापूरच्या ऑफिसांत.
आता ऑफिसांनी मशीन बसवली.
हौद्याच्या पत्र्यावर जारच्या गोल गोल खुणा,
भाकऱ्या उतरवून ठेवल्यासारख्या,
आणि गंज फक्त त्या गोलांच्या कडेने.

मी चुंबक लावत फिरले.
बॉनेटला धरला. पुढच्या दोन्ही दारांना धरला.
मागच्या डाव्या दाराला घसरला
आणि आंबा धुळीत पडला.

"ठोकलीय?" जनार्दन म्हणाला,
आणि त्या एका शब्दात तीस हजार कमी झालेले मला ऐकू आले.
घोलपांनी आंबा उचलला, शर्टाला पुसला.
"पोरगी शिकत होती. रिव्हर्स.
मी मागे उभा राहून येऊ दे, येऊ दे म्हणत होतो.
बघत फोनमध्ये होतो."
मग थोड्या वेळाने,
"तिने परत हात नाही लावला. तेवढे कमी करा,
पण तिची चूक म्हणून नका करू."

चार लाख पस्तीसला ठरलं.
पाटी पिवळी. पांढरी करायची तर एजंट म्हणाला
खर्च आहे, वेळ आहे, आणि तोच हसला.

माझं लायसन्स दोन वर्षं
कपाटात लग्नाच्या अल्बमखाली होतं.
घोलपांची गोष्ट ऐकून मला धीर का यावा
हे मला अजून नीट सांगता येत नाही.
चावी मागितली, तर जनार्दनने आधी बापाकडे पाहिलं.
मामंजी पुढच्या सीटवर बसले होते,
उजवा कान आमच्याकडे.

रविवारी सीवूड्सच्या गेटवर वॉचमनने
पिवळी पाटी पाहिली, मामंजींची इस्त्रीची टोपी पाहिली,
मागे सासूबाई, जनार्दन, मांडीवर पुरणाचा डबा घेतलेली शर्वरी,
आणि हौद्यात ताडपत्रीखाली
सोमवारच्या पट्ट्या, ज्या उतरवायला वेळ मिळाला नव्हता.
"सामान आहे का माणसं?"
"पाच माणसं," मी म्हटलं. सामानाचं बोलले नाही.
त्याने वहीत काहीतरी लिहिलं, बराच वेळ,
आणि मोठं गेट उघडलं.

पाहुण्यांची जागा एकच शिल्लक, खांबाला लागून.
शर्वरी न सांगता उतरली, मागे गेली,
बापाने खिशातून फोन काढला
तो तिने हातातून घेऊन हौद्यात ठेवला.
आई, येऊ दे.
येऊ दे.
अजून थोडी.
थांब.